शुद्धिपत्राचं पान

विस्डेन या इंग्लिश क्रिकेट-वार्षिकाच्या विक्रमांच्या भागात प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्यांची एक यादी असते. तिच्यातली वरून चौथी ओळ अशी: नाबाद ४४३, बी. बी. निंबाळकर, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, पुणे, १९४८-४९. तिच्या वर ब्रायन लारा, हनीफ महंमद आणि डॉन ब्रॅडमन. तिच्या खाली लागोपाठ दोनदा बिल पॉन्सफर्ड. या शेजारात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर गेली पाऊणशे वर्षं बसलेले आहेत, आणि ते एकही अधिकृत कसोटी सामना खेळलेले नाहीत.

ही ओळ वाचता येणाऱ्याला तिच्यामागचा सगळा सामना दिसतो. डिसेंबरातलं पुणं. दुसऱ्या गड्यासाठी के. व्ही. भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागी, जी तेव्हा त्या गड्यासाठीचा जागतिक विक्रम होती. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचे ४५२ अवघ्या नऊ धावांवर आलेले असताना मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सांगितलं की आता डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणि ते खरोखरच सामना सोडून गेले. त्या नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच.

यातलं काहीही त्या ओळीत नाही. तिच्यात नाव, आकडा, दोन संघ, गाव आणि हंगाम एवढंच आहे. पण ती ओळ दरवर्षी एप्रिलमध्ये लंडनहून पुन्हा छापून येते, म्हणून कुणीतरी विचारतं की हे निंबाळकर कोण. आमच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ‘तुमच्या आवडीच्या क्रीडा नियतकालिकावर लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मनात दुसरं नाव आलंच नाही. मराठी वाचकाला भाऊसाहेबांच्या त्या ओळीचा पत्ता मी सांगू शकलो, तरी लेख लिहिल्याचं सार्थक होईल असं वाटलं.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कुठेही सापडतो. जॉन विस्डेन हा ब्रायटनचा, बुटक्या चणीचा वेगवान गोलंदाज. १८५० साली लॉर्ड्सवर नॉर्थकडून खेळताना त्यानं साउथचे एका डावातले दहाच्या दहा गडी त्रिफळाचीत केले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असं पुन्हा कुणाला जमलेलं नाही. १८५९ साली इंग्लंडचा पहिला परदेश दौरा उत्तर अमेरिकेला गेला, त्यातही तो होता. त्यानं क्रिकेटच्या साहित्याचं आणि तंबाखूचं दुकान चालवलं, आणि १८६४ साली ११२ पानांचं, एक शिलिंग किमतीचं पंचांगवजा पुस्तक काढलं. क्रिकेटचा मजकूर पुरेना, म्हणून त्यात डर्बीच्या शर्यतीचे विजेते, इंग्लंडमधल्या यादवी युद्धांतल्या लढायांच्या तारखा, कालव्यांची लांबी असलं बरंच काही भरलेलं होतं. तेव्हापासून आजवर एकही वर्ष चुकलेलं नाही. पहिल्या महायुद्धात पानं घटली. दुसऱ्या महायुद्धात विस्डेन कंपनीचा मॉर्टलेकचा कारखाना बॉम्बहल्ल्यात जळाला, कागदावर नियंत्रण आलं, तरी उशिरा का होईना, अंक निघाला. पिवळं वेष्टन १९३८ सालचं. त्यावरचं उंच टोपीवाल्या खेळाडूंचं लाकडी ठशाचं चित्र एरिक रॅव्हिलियसचं. हा गुणी चित्रकार चारच वर्षांनी युद्धात, आइसलंडजवळ विमानासह बेपत्ता झाला. त्याचं चित्र मात्र अजून दरवर्षी मुखपृष्ठावर येतं.

माझी पहिली प्रत १९८४ची. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर, कायद्याच्या आणि अभियांत्रिकीच्या जाडजूड पुस्तकांच्या खाली दबलेली मिळाली. कणा उसवलेला होता, पुठ्ठ्यावर चहाचा डाग होता. ती घ्यायचं कारण उघड होतं: १९८३चा विश्वचषक तिच्यात होता. आमच्या पिढीला तो विश्वचषक म्हणजे अंतिम सामना, कपिलनं मागे धावत जाऊन घेतलेला रिचर्ड्सचा झेल आणि लॉर्ड्सच्या सज्जातला चषक. मला मात्र १८ जून १९८३ हवा होता. टनब्रिज वेल्सला भारत विरुद्ध झिंबाब्वे. त्या दिवशी बीबीसीचा संप होता असं सांगतात; काहीही असो, त्या सामन्याचं चित्रीकरण नाही. कपिल देवच्या नाबाद १७५ धावा जगानं पाहिल्याच नाहीत. मैदानावर होते त्यांनी पाहिल्या, आणि बाकीच्यांसाठी धावफलक उरला.

तो धावफलक मी कितीदा वाचला असेन याला गणती नाही. गावसकर शून्य, श्रीकांत शून्य, अमरनाथ पाच, पाटील एक, यशपाल नऊ. ५ बाद १७. मग कपिल. शेवटी एकूण ८ बाद २६६, आणि कपिलनंतरची सर्वांत मोठी धावसंख्या कोणाची, तर किरमाणीच्या नाबाद २४. नवव्या गड्यासाठी दोघांची अभेद्य १२६. या आकड्यांकडे नीट पाहिलं की सामना उलगडत जातो. पहिल्या पाचांपैकी तिघांचे झेल एकट्या यष्टिरक्षक हॉटननं घेतलेले, म्हणजे सकाळी चेंडू किती हलत होता ते कळतं. मदनलालच्या १७ धावा दिसतात आणि लक्षात येतं की त्या सतरांची किंमत त्या दिवशी शतकाइतकी होती. छायाचित्र क्षण दाखवतं. धावफलक कुणी कुणाला साथ दिली ते दाखवतो, आणि क्रिकेटमध्ये मला त्याचंच आकर्षण अधिक आहे.

असे धावफलक वाचायची सवय लागली की माणूस जुन्या, आपण जन्मण्याआधीच्या सामन्यांतही राहायला जातो. १९४३च्या डिसेंबरात ब्रेबॉर्नवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना: ‘द रेस्ट’ संघाचा दुसरा डाव ३८७, त्यात सांगलीच्या विजय हजाऱ्यांच्या ३०९. भाऊ विवेकबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, आणि त्या तीनशेत विवेकचा वाटा २१. धाकटा भाऊ एका टोकाला तासन्‌तास नुसता उभा राहिला, हे त्या एका आकड्यात आहे. १९४६चा मे महिना, ओव्हल, सरेविरुद्ध भारतीय संघ: ९ बाद २०५ असताना चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी एकत्र आले आणि २४९ धावांनी वेगळे झाले. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं ठोकल्याचं हे एकमेव उदाहरण आहे. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. हे सगळं इंग्रज संपादकांनी कर्तव्य म्हणून छापून ठेवलं, म्हणून माझ्यासारख्याला वाचायला मिळालं.

विस्डेनचा सर्वांत मोठा मान म्हणजे वर्षातले पाच क्रिकेटपटू. १८८९च्या अंकात सहा गोलंदाजांच्या निवडीपासून ही प्रथा सुरू झाली. हा मान आयुष्यात एकदाच मिळतो, आणि मुख्यतः इंग्लंडमधल्या हंगामावर ज्याची छाप पडली त्याला मिळतो. १८९७ साली रणजी, १९३३ साली सी. के. नायडू, १९३७ साली विजय मर्चंट. १९७२ साली चंद्रशेखर, कारण आदल्या उन्हाळ्यात ओव्हलवर त्यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले आणि अजित वाडेकरांच्या संघानं इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. १९८० साली गावसकर, ओव्हलच्याच २२१ धावांमुळे. १९८७ साली वेंगसरकर. २००८ साली आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान. या पानांवर व्यक्तिचित्रं असतात, आणि विस्डेनमधलं सर्वांत देखणं गद्य तिथेच वाचायला मिळतं. पण मी विस्डेन उघडतो तेव्हा आधी तिकडे जात नाही.

मी आधी मृत्युलेख वाचतो. यात कसोटीवीर असतातच, पण त्यांच्याबरोबर कधीकाळी एखादा-दुसरा प्रथम श्रेणी सामना खेळून गेलेले शिक्षक, वकील, सैनिक, धर्मगुरूही असतात. १९१६चा अंक तर मृत्युलेखांचाच आहे. आदल्या वर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस आणि व्हिक्टर ट्रंपर गेले होते, आणि युद्धात पडलेल्या तरुणांची रांग संपत नव्हती. त्या रांगेत कवी रूपर्ट ब्रुक आहे. रग्बी शाळेच्या संघातून तो १९०६ साली खेळला आणि गोलंदाजीच्या सरासरीत पहिला होता, ही माहिती त्याच्या नोंदीत आहे, आणि त्यानं कवी म्हणून नाव मिळवलं होतं हेही तिथेच, ओघात. सॅम्युअल बेकेट या नोबेल मानकऱ्यालाही विस्डेननं १९९०च्या अंकात जागा दिली ती डब्लिन विद्यापीठाकडून नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध खेळलेल्या दोन सामन्यांच्या जोरावर. माणूस गेल्यावर त्याचं मैदानावरचं थोडंसं आयुष्य वेगळं काढून ठेवायचं, ही विस्डेनची दृष्टी मला फार माणुसकीची वाटते.

आता ज्या पानासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. शुद्धिपत्र.

पुस्तकाच्या अगदी मागच्या भागात ते असतं. बारीक टाइप. आधी अंकाचं साल, मग पान क्रमांक, मग चूक काय आणि बरोबर काय. गेल्या वर्षीच्या चुका तर असतातच. पण त्यांच्यासोबत वीस वर्षांपूर्वीच्या, कधीकधी त्याहूनही पुष्कळ जुन्या अंकांतल्या चुकाही असतात. झेल घेणाऱ्याचं नाव भलतंच पडलेलं, गोलंदाजाचं निर्धाव षटक एकानं कमी, मृत्यूची तारीख चुकलेली, यष्टिचीत होता तो झेलबाद दाखवलेला. कुठल्यातरी गावातल्या वाचकानं जुन्या वर्तमानपत्राशी ताडून पाहिलं, पत्र पाठवलं, कार्यालयात कुणीतरी मूळ गुणपुस्तक शोधलं, खातरजमा केली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती दुरुस्ती छापून आली. त्या सामन्यातला एकही खेळाडू हयात नसेल, प्रेक्षक नसेल. दुरुस्तीनं कुणाचा विक्रम वाढणार नसतो की मोडणार नसतो. तरी ती केली जाते.

मला हे पान सबंध पुस्तकाचा प्राण वाटतं. विस्डेनला लोक प्रमाण मानतात ते त्यात चुका नसतात म्हणून, असा समज आहे. दीड हजार पानांत, लाखो आकड्यांत चुका असणारच. त्या कुठे झाल्या ते वर्ष आणि पानासह सांगितलं जातं, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो. मी कपाटातला जुना अंक काढतो आणि त्या पानावर पेन्सिलीनं दुरुस्ती करून ठेवतो. असं करणारे वाचक जगभर असणार, आणि त्यांच्याशी माझं एक न दिसणारं नातं आहे असं मी मनापासून मानतो.

या पानाच्या मागे दुरुस्तीपेक्षा अवघड एक काम चालू असतं. एखादी गोष्ट चूक आहे की मतभेद, हे ठरवण्याचं. जॅक हॉब्जची शतकं किती? विस्डेन सांगतं १९७, धावा ६१,२३७. क्रिकेटच्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मते १९९ शतकं आणि ६१,७६० धावा. फरकाच्या मुळाशी आपले विझी आहेत, विजयनगरमचे महाराजकुमार, जे १९३६च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार होते आणि ज्यांच्याशी खटका उडाल्यावर लाला अमरनाथना दौऱ्यातूनच परत पाठवण्यात आलं. त्याआधी १९३०-३१ साली विझींनी पदरमोड करून हॉब्ज आणि सट्क्लिफ यांना बोलावलं आणि स्वतःचा संघ घेऊन हिंदुस्थान आणि सिलोनमध्ये सामने खेळवले. हॉब्जनं त्यांत दोन शतकं केली. ते सामने प्रथम श्रेणीचे धरायचे की नाही? पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी धरले. स्वतः हॉब्जला ते तितक्या तोलाचे वाटत नव्हते. विस्डेननं १९७ कायम ठेवलं आणि दुसऱ्या आकड्याची नोंदही दिली. ग्रेसचंही तसंच: विस्डेनच्या परंपरेत ५४,८९६ धावा आणि १२६ शतकं, संघटनेच्या हिशेबात ५४,२११ आणि १२४.

कुणाला वाटेल, दोन शतकांनी काय फरक पडतो. मला या वादात अतिशय रस आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. एक बाजू म्हणते, आज आपल्याला अधिक माहिती आहे, तर आकडा बदला. दुसरी म्हणते, ज्या आकड्यानं पिढ्यांनी एखाद्या माणसाला ओळखलं, आणि ज्या आकड्याला त्या माणसाची स्वतःची संमती होती, तो नंतरच्यांनी परस्पर बदलू नये. विस्डेन यातली एक बाजू घेतं, दुसरी लपवत नाही, आणि निवाडा वाचकावर सोडतं. इतका सभ्य वाद मी दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात पाहिलेला नाही.

याचा अर्थ विस्डेनचं सगळंच मला पटतं असं नाही. इंग्लंडचा उन्हाळा हे त्याच्या जगाचं केंद्र आहे. काउंटी सामन्यांचे तपशील पानोपानी, आणि आमच्या रणजी करंडकाला थोडक्यात उरकलेली जागा. २००१ साली विस्डेनच्या नावानं शंभर सर्वोत्तम कसोटी खेळींची यादी प्रसिद्ध झाली. ब्रॅडमनची मेलबर्नची २७० पहिली, लक्ष्मणची कोलकात्याची २८१ सहावी, आणि सचिन तेंडुलकरची एकही खेळी त्या शंभरात नाही. इथे लोक संतापले आणि ते रास्तच होतं. सूत्रात बसवलेल्या गुणांनी खेळी तोलता येत नाही, हे ज्या संस्थेनं ग्रेस-हॉब्जच्या बाबतीत इतकं नीट ओळखलं, तिच्याच नावावर अशी यादी यावी याचं मला आजही वाईट वाटतं. बायकांच्या क्रिकेटलाही विस्डेननं फार उशिरा न्याय दिला. पाचांत पहिली स्त्री आली ती २००९ साली, इंग्लंडची क्लेअर टेलर.

पण हे पुस्तक शिकतं. २०१९च्या अंकात जगातली अव्वल महिला क्रिकेटपटू म्हणून आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव आलं आणि २०२५च्या अंकात पुन्हा आलं. त्याच २०२५मध्ये पुरुषांत जसप्रीत बुमराह. हरमनप्रीत कौर २०२३च्या पाचांत होती. आणि जानेवारी २०१६मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ सालापासून अबाधित असलेला नाबाद ६२८चा विक्रम मागे पडला. ज्या ओळीत शंभरहून अधिक वर्षं इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजचं नाव होतं, तिथे आता कल्याणच्या शाळेचं नाव आहे. रिक्षाचालकाच्या मुलाचं नाव त्या पिवळ्या पुस्तकात पाहिलं तेव्हा मला भरून आलं.

तरीही काळजी वाटते, आणि ती वाढते आहे. सामने इतके झाले आहेत की एका पुस्तकात मावत नाहीत. १८६४ साली मजकूर कमी पडत होता म्हणून कालव्यांची लांबी छापावी लागली. आज लॉरेन्स बूथ या संपादकांपुढचा प्रश्न अगदी उलट आहे. आयपीएलच्या एका हंगामात सत्तरहून अधिक सामने. तशाच लीग ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, कॅरिबियनमध्ये, आखातात, अमेरिकेत. शिवणीला पेलतील इतकीच पानं एका खंडात बसतात. एक गोष्ट आत घ्यायची तर दुसरी बाहेर काढावी लागते, आणि बाहेर जाते ती बहुधा कुणी न पाहिलेल्या सामन्याची नोंद. ज्या नोंदीला दुसरा कुणी वाली नाही तीच. किंमतही पन्नास पौंडांच्या पुढे गेली आहे. दादर-परळच्या एखाद्या मुलानं ते विकत घेऊन वाचावं हे आता शक्य नाही, आणि पदपथावरचे पुस्तकांचे ढीगही आटले आहेत.

लोक म्हणतात, सगळं फोनवर आहे. आहे, आणि मीही रोज पाहतो. चेंडूगणिक माहिती, कुठल्याही खेळाडूचे आकडे क्षणात. या सोयीचं ऋण मी मानतो. पण तिथे शुद्धिपत्र नाही. काल झेल एका क्षेत्ररक्षकाच्या नावावर होता, आज दुसऱ्याच्या नावावर आहे. कधी बदलला, कुणी बदलला, कशाच्या आधारावर, याचा माग वाचकाला लागत नाही. पडदा नेहमी आत्ताचंच खरं दाखवतो. मला आधीचंही हवं असतं. ते का खोडलं हेही हवं असतं.

आणि आपल्या घरचं काय? जगातलं सर्वाधिक क्रिकेट इथे खेळलं जातं, सर्वाधिक पैसाही इथेच आहे. मद्रासच्या ‘द हिंदू’ समूहाचं ‘इंडियन क्रिकेट’ हे वार्षिक कित्येक दशकं निघत होतं, ते बंद झालं. २०१३ साली सुरेश मेनन यांच्या संपादनाखाली विस्डेनची भारतीय आवृत्ती सुरू झाली. तिचे अंक मी असोशीनं घेतले. देशातलं क्रिकेट तिच्यात पहिल्यांदा मधोमध आलं होतं. तीही काही वर्षांनी थांबली. मराठीत वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्रात खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं, बाळ ज. पंडितांनी मैदान घराघरांत ऐकवलं, १९८३च्या विजयानंतर द्वारकानाथ संझगिरी आणि मित्रांनी ‘एकच षटकार’ हे नियतकालिक काढलं आणि संदीप पाटलांच्या संपादकत्वाखाली ते पोरासोरांच्या हातात पोचलं. बोलण्या-लिहिण्यात आपण कधीच कमी पडलो नाही. वर्षाच्या शेवटी सगळे धावफलक एकत्र बांधून ठेवणारं पुस्तक मात्र आपल्याकडे टिकलं नाही.

या लेखाच्या निमित्तानं मुंबईतल्या एका जुन्या स्कोअररकाकांना भेटलो. नाव छापू नका म्हणाले. कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथे तंबूत बसून गुणपुस्तकं लिहिली. कांगा लीग १९४८पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. तिच्या ओल्या खेळपट्टीवर मुंबईचे फलंदाज घडले असं म्हणतात. ते कसे घडले याचा पुरावा त्या गुणपुस्तकांत असतो. काकांनी क्लबची पुस्तकं क्लबला दिली, पण घरी येऊन रोज रात्री स्वतःच्या वहीत सामना उतरवून ठेवला. निळ्या शाईत धावा, लाल शाईत बळी. वह्यांचा तो गठ्ठा लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांसोबत.

“अहो, क्लबांकडची बरीच पुस्तकं पावसानं खाल्ली,” काका म्हणाले. “काही रद्दीत गेली. मी विचारलं, तर म्हणाले, आता मोबाइलवर स्कोअरिंग होतं, जुनं कशाला पाहिजे?”

“मग या वह्यांचं काय करणार, काका?”

“तेच तुम्हाला विचारायचं होतं. मुलगा म्हणतो, फोटो काढून ठेवू. फोटो काढशील रे, पण वाचणार कोण? आणि माझ्याकडून काही चुकलं असेल तर ते दुरुस्त कोण करणार?”

काकांना आपल्या वह्या जपल्या जाव्यात असं वाटतंच. पण त्याहून अधिक त्यांना त्या कुणीतरी तपासाव्यात असं वाटतं. एक सामना त्यांनी मला मुद्दाम काढून दाखवला. दोन्ही बाजूंनी आकडे लावले तरी फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून येणारी बेरीज, गोलंदाजांनी दिलेल्या धावा आणि त्यांच्या नावावर न लागणारं अवांतर यांच्या बेरजेशी जुळत नाही. दोन धावांचा फरक. लेग बाय की बॅटची धाव, यावर त्या दिवशी पंचांशी बोलणं झालं होतं, एवढं त्यांना आठवतं. समासात त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करून ठेवलं आहे, आणि इतक्या वर्षांत ते खोडलेलं नाही.

आता आम्ही काही जण रविवारी सकाळी त्यांच्याकडे बसतो. एक जण वाचतो, एक जण संगणकावर उतरवतो, काका ऐकतात आणि मध्येच थांबवतात. एक हंगाम पूर्ण व्हायला आला आहे. प्रत्येक विसंगती वेगळ्या पानावर लिहायची, वहीचा क्रमांक आणि पान नोंदवून, आणि अंदाजानं काहीही दुरुस्त करायचं नाही, हा नियम काकांनीच घातला. त्या दोन धावांसाठी त्या सामन्यातल्या प्रतिस्पर्धी संघाच्या यष्टिरक्षकाचा पत्ता लागला आहे. ते डोंबिवलीला राहतात, ऐंशीच्या पुढचे आहेत, आणि फोनवर म्हणाले की तो सामना आठवतो, या.